विंगेत उभा राहिलेला पुजारी

तिसऱ्या घंटेला दहाएक मिनिटं बाकी होती. पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, वडशापासून तासाभराच्या अंतरावरचं गाव, मंडईचा म्हणजे गावजत्रेचा दिवस, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत उभारलेला शामियाना. पडद्यामागे रंगपूजा मांडली होती. पाटावर नारळ, केळ्यात खोचलेल्या उदबत्त्या, पेटीला आणि तबल्याला हळदीकुंकवाची बोटं लावलेली. कंपनीतले सगळे गोल करून उभे होते, मुंबईहून आलेली नायिका, नागपूरचा ऑक्टोपॅडवाला, अगदी पडदा ओढणारा पोरगाही. एकच जण डाव्या विंगेत राहिला. अंगावर पिवळं सोवळं, कपाळावर गंध, गळ्यात जानवं. त्या रात्रीच्या नाटकातला देवळाचा पुजारी तोच होता. नारळ फुटला, पाणी उडालं, सगळ्यांनी फळीला हात लावून कपाळाला लावला. तो हात मागे बांधून शांत उभा होता. चेहऱ्यावर राग नव्हता, अवघडलेपणही नव्हतं.

दीड तासानं दुसऱ्या प्रवेशात त्यानं आरती केली. कापूर पेटला, घंटा वाजली आणि शामियान्यातल्या बायांनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. पुढच्या रांगेतून दोन नाणी आली, त्यातलं एक फळीवर गोल फिरत फिरत मूर्तीपाशी जाऊन पडलं. अंक संपल्यावर चहा घेताना म्हाताऱ्या प्रॉम्प्टरनं त्याला विचारलं, "नारळाले हात नाई लावला अन् आरती तं अशी केली का बाया रडल्या. मंग खरं कोनतं जी?" कप दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "नारळाजवळ मी राहतो, बाबाजी. आरतीजवळ थो राहते."

'थो' म्हणजे तो, नाटकातला पुजारी. त्या 'थो'पाशी मन अडकलं ते अजून सुटलेलं नाही.

तो बौद्ध घरातला. त्याच्या आजोबांनी 1956 च्या 16 ऑक्टोबरला चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतलेली. त्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर टांगून ठेवण्यासाठी नव्हत्या, त्या पाळल्या जात. ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही, गौरी-गणपतीची उपासना करणार नाही, हे तो लहानपणापासून म्हणत आलेला. झाडीपट्टीत असा नट विरळा नाही, आणि त्याला दोन्हीकडून प्रश्न येतात. मंडळवाले विचारतात, पूजा नाही करत तर पुजारी कसा शोभणार? वस्तीतला एखादा जाणता माणूस विचारतो, प्रतिज्ञा घेतलेल्यानं आरतीचं ताट धरायचं कसं? दोन्ही प्रश्नांमागची समजूत एकच आहे. नटाच्या तोंडून जे निघतं ते त्याच्या पोटात असलंच पाहिजे, नाहीतर तो खोटारडा. ही समजूत मला चुकीची वाटते. का वाटते, ते त्या आरतीच्या ताटापासूनच सांगावं लागेल.

रंगमंचावरची आरती ही पेटत्या वस्तूसोबतची कसरत असते. देवघरात कापराची एक वडी पुरते. शामियान्यात शेवटच्या रांगेतल्या माणसाला ज्योत दिसायची तर एकावर एक चार-पाच वड्या लागतात, आणि एवढ्या वड्यांनी पितळी ताट इतकं तापतं की दुसऱ्या कडव्याला बोटं भाजतात. म्हणून ताटात आधी ओल्या मातीचा बोटभर थर देतात आणि वर आरती ठेवतात. मार्गशीर्षात रात्री अकरानंतर वारा सुटतो आणि ज्योत मागच्या पडद्याकडे झुकते. रंगवलेला पडदा पटकन धरतो, म्हणून मूर्ती पडद्यापासून चार हात पुढे हवी. शिवाय ती तिरपी ठेवावी लागते, नाहीतर पूर्ण आरतीभर पुजाऱ्याची पाठच दिसत राहते. आणि हे सगळं सांभाळताना त्याला वरून लोंबणाऱ्या माइकच्या टप्प्यात राहायचं असतं. दोन पावलं मागे सरकला की आवाज गेला आणि मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या.

मग हातांचा हिशोब. उजव्या हातात ताट, डाव्यात घंटा. ताट सावकाश वर्तुळात फिरतं, घंटा मात्र तबल्याच्या दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत वाजते. लहानपणापासून सवय नसलेल्या माणसाचे दोन्ही हात एकाच लयीत जातात, आणि म्हाताऱ्या बाया ते पहिल्या ओळीला ओळखतात. जानव्याचंही तसंच. ते डाव्या खांद्यावरून उजव्या बगलेखाली येतं. आरशासमोर उभं राहून घातलं की हमखास उलटं पडतं, आणि उलटं म्हणजे अपसव्य, श्राद्धाचं. लग्नाच्या प्रवेशात पुजाऱ्याचं जानवं अपसव्य दिसलं तर पुढचा सगळा अंक वाया जातो, कारण लोक संवाद ऐकणं सोडून त्याच्याच खांद्याकडे बघत बसतात. मंत्रांच्या जोडाक्षरांवर जीभ अडखळते, म्हणून वहीत ते मोठ्या अक्षरांत फोडून लिहायचे, श्वास कुठे घ्यायचा तिथे उभी रेघ मारायची. या नटानं गावातल्या देवळात आठ सकाळी बसून हे सगळं पाहिलं होतं. नमस्कार केला नाही, प्रसादही घेतला नाही. पुजाऱ्यालाही सगळं ठाऊक होतं. त्यानं घंटा हातात देऊन मनगट कसं सैल सोडायचं ते दाखवलं.

त्या आठ सकाळींत त्याला जे दिसलं ते भाविक माणसाला सहसा दिसत नाही. रोज आरती करणारा माणूस डोळे मिटून थरथरत नाही. वात सरळ आहे ना, तूप पुरेल ना, हे तो पाहतो. मधेच दाराकडे नजर टाकतो, कोण आलं ते बघतो. कडव्याच्या शेवटी आवाज चढवतो, पण लक्ष उंदरानं कुरतडलेल्या नैवेद्याकडे असतं. म्हणून त्याची श्रद्धा कमी ठरत नाही. चाळीस वर्षांत ती बोटांत मुरली आहे, चेहऱ्यावर आणावी लागत नाही. हौशी नट नेमका इथेच फसतो. मान वर, डोळे बंद, ओठ कापताहेत, अशी भक्ती तो दाखवू लागतो, आणि ती त्या पुजाऱ्याची राहत नाही, कॅलेंडरवरच्या भक्ताची होते. मनात श्रद्धा नसलेल्या नटाला हा मोह कमी होतो, कारण त्याला बाहेरून बघायची सवय असते.

उलटा प्रकारही याच झाडीत पाहायला मिळतो. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत वाढलेला, खरोखर भाविक असा एक गुणी नट. त्याच्याकडे देवस्थानाचे पैसे खाणाऱ्या विश्वस्ताची भूमिका आली. प्रवेश असा की आरती चालू आहे आणि विश्वस्ताची नजर दानपेटीवर आहे. कापूर पेटला आणि हा त्यात खरंच विरघळला. डोळ्यांत पाणी आलं, दानपेटी विसरली, एक कडवं जास्तीचं म्हटलं गेलं. विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य देतोय, पेटीवाला सूर धरून थांबलाय, चोरी पकडायला येणारा नायक पायरीवर ताटकळतोय. लोकांना ती आरती आवडली, पण नाटक तिथे मोडलं. त्या रात्री भूमिका केलीच गेली नाही. स्वतःची श्रद्धा मधे आली आणि त्या चोराला उभं राहायला जागा उरली नाही.

मग नटाच्या आत असावं तरी काय? नाट्यशास्त्रात भरतमुनीनं अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातले आंगिक, वाचिक आणि आहार्य, म्हणजे अंगाचा, वाणीचा आणि वेशभूषेचा, शिकता येतात, शिवून घेता येतात. चौथा सात्त्विक, म्हणजे घाम, रोमांच, आवाज फुटणं, रंग उतरणं, अश्रू. हे हुकमी येत नाहीत. भरत म्हणतो ते मनाच्या एकाग्रतेतून येतात. या ठिकाणी तो एकाग्रता मागतो, श्रद्धा मागत नाही. 'आपण या माणसाच्या जागी असतो तर' या एका 'तर'वर रशियातल्या स्तानिस्लाव्हस्कीनं नटाची सगळी तालीम उभी केली, तीही याच वाटेवरची. त्या 'तर'मध्ये नटाला स्वतःचं मत टाकून द्यावं लागत नाही, तेवढा वेळ ते बाजूला ठेवावं लागतं. पायताण देवळाबाहेर काढून ठेवतो तसं. ते हरवत नाही, निघताना पुन्हा पायात येतं.

ते बाजूला ठेवायचं कसं, याची झाडीतल्या जुन्या नटांची रीत साधी आहे. नकला, म्हणजे भूमिकेची लिहून काढलेली पानं, हातात आल्या की पात्राची तीन वाक्यं शोधायची, ज्यांत ते पात्र स्वतःच्या नजरेनं शंभर टक्के बरोबर असतं. सावकाराचं असतं, "मी नसतो तर तुझ्या बापाला पेरणीला दाणा कोणी दिला असता?" ते वाक्य खोटं नाही. तेवढं एक वाक्य मनापासून म्हणता आलं की उरलेला सावकार त्याच्या मागून येतो. डोळे वटारून, मिशी पिळून केलेला सावकार लोक हसून सोडून देतात. शांतपणे, काळजीच्या सुरात कागदावर अंगठा घेणारा सावकार समोर आला की शामियाना गप्प होतो, कारण तसा माणूस त्यांनी पाहिलेला असतो.

800 भूमिका आणि 5,000 हून अधिक प्रयोग. झाडीपट्टीतले नट, गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा हे आकडे सगळीकडे छापून आले. 800 माणसांच्या 800 श्रद्धा एका छातीत मावतील का? भाऊबीजेपासून होळीपलीकडे चालणाऱ्या हंगामात झाडीतला नट आज शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या गावी दारुडा असतो, उद्या दुसऱ्या गावी कीर्तनकार, परवा सुनेला जाळणारा सासरा. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे पाचला संपतं, गाडीत तीन तास झोप होते आणि पुढचं गाव येतं. रोज नवं मत धारण करायचं म्हटलं तर माणूस वेडा होईल. तो टिकतो तो एका गोष्टीमुळे. तोंड धुतल्यावर खाली कोण आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आरतीच्या आधी जो नट विंगेत हात बांधून उभा राहू शकतो, तोच आरतीत पूर्ण उतरू शकतो. मला त्या उभं राहण्यात पूजेचा अपमान दिसला नाही. माणूस स्वतःशी खरा राहतो, ते तिथे दिसलं.

रंगपूजेचीही एक कथा आहे, नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात. पहिलं नाटक झालं ते देवांच्या विजयाचं. पाहायला आलेले दैत्य ते पाहून चिडले आणि त्यांनी नटांची वाचा, हालचाल आणि आठवण गोठवून टाकली. मग इंद्रानं ध्वजाचा दांडा घेऊन विघ्नं पांगवली, पुढे रंगदैवतांची पूजा आली, आणि ती पूजा आज आपल्या नारळात उरली आहे. ब्रह्मदेवानं दैत्यांची समजूत घातली तीही महत्त्वाची आहे. नाट्य एकट्या देवांचं नाही आणि तुमचंही नाही, त्यात तिन्ही लोकांचे भाव येतात. त्या पहिल्या प्रयोगात हरणाऱ्या दैत्यांच्या भूमिका कोणीतरी केल्याच असणार. भरताच्या मुलांनीच केल्या असतील. ते कोणाच्या बाजूचे होते, असं त्यांना कोणी विचारलं नाही.

आणि इथे आपल्या मातीतल्या एका माणसाची आठवण निघतेच. भवभूती. आठव्या शतकातला हा नाटककार स्वतःला विदर्भातल्या पद्मपूरचा सांगतो, आणि ते पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पदमपूर, असं अभ्यासक मानतात. म्हणजे झाडीचाच शेजार. वेदाध्ययन करणाऱ्या, सोमयाग करणाऱ्या घरातला हा माणूस. पण 'मालतीमाधव'मध्ये त्यानं चामुंडेच्या देवळात मालतीचा बळी द्यायला निघालेला कापालिक, म्हणजे कवटी बाळगणारा तांत्रिक, उभा केला, आणि त्या कापालिकाच्या तोंडी देवीची स्तुती घातली ती पूर्ण ताकदीची. चेष्टेची नाही, पोकळ नाही. ज्याच्या पंथाची भीती वाटावी त्याला त्यानं भाषेत कमी दिलं नाही. नटांशी आपली जन्मजात मैत्री आहे, असंही त्यानं त्याच नाटकाच्या आरंभी सांगून ठेवलं आहे. मला ते वाक्य नेहमी त्या कापालिकाशी जोडून वाचावंसं वाटतं. नटांजवळ वावरलेल्या माणसालाच हे कळतं की परक्या श्रद्धेला पूर्ण आवाज दिल्यानं आपली श्रद्धा बुडत नाही.

त्याच भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त शेवटच्या अंकात नाटकातलं नाटक आहे. गंगेच्या काठी वाल्मीकींनी रचलेला प्रयोग चालू आहे, अप्सरा भूमिका करताहेत, आणि प्रेक्षकांत प्रत्यक्ष राम बसला आहे. टाकलेल्या सीतेचे हाल रंगमंचावर पाहून तो आकांत करून उठतो. शेजारी बसलेला लक्ष्मण त्याला सांगतो, हे नाटक आहे. रामालासुद्धा कोणीतरी आठवण करून द्यावी लागली.

तिथून हा प्रश्न नटाकडून प्रेक्षकाकडे वळतो, आणि अवघड होतो. निळू फुल्यांना बायांनी खऱ्या मनानं शिव्या दिल्या आणि तो माणूस आयुष्यभर सेवादलाच्या संस्कारात जगला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. खलनायकाला शिव्या पडल्या तर कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते नाटकच एखादी खोटी गोष्ट खरी म्हणून सांगू लागतं तेव्हा. झाडीत हे नेहमी सापाच्या प्रवेशात होतं. धान कापणीला, जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार चावते. दंश इतका बारीक की खूणही सापडत नाही, दुखत नाही, आणि काही तासांनी पापण्या जड होतात, पोटात कळा येतात, मग श्वास अडतो. उपाय एकच, दवाखाना आणि प्रतिविष. पण बरेच साप बिनविषारी असतात, त्यांनी चावलेला माणूस मंत्र घातला तरी उठतो आणि न घातला तरी उठतो. मांत्रिकाचं नाव होतं ते त्या उठलेल्यांवर. नाटकात मांत्रिकानं कडुलिंबाचा डहाळा फिरवला, लाल लाइट पडला, ऑक्टोपॅड गरजला आणि नायिका उठून बसली, की त्या शामियान्यातले दोन हजार लोक ते घरी घेऊन जातात. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं साप-विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलं. रंगमंचावर तो कायदा लागत नाही. तिथे नटाचा विवेक लागतो.

इथे माझं मत ठाम आहे. पात्राची श्रद्धा नटाची नसली तरी चालेल, पण नाटक शेवटी लोकांच्या पदरात काय टाकतं याच्याशी त्याचा संबंध आहे. मांत्रिकाची भूमिका करावी, आणि ती अशी करावी की लोकांना क्षणभर त्याचं पटावं. पण पडदा पडण्यापूर्वी तो मंत्र फसला पाहिजे, नाहीतर नकला परत द्याव्यात. त्याच पुजाऱ्याच्या नटानं एका हंगामात असा प्रवेश नाकारला होता, असं प्रॉम्प्टर सांगत होता. लेखकानं मग दोन पानं बदलली. मंत्र चालू असतानाच पोरगी बेशुद्ध पडते आणि बैलगाडी दवाखान्याकडे निघते. प्रयोगाला गर्दी तेवढीच झाली.

ती मंडईची रात्र पहाटे पावणेपाचला संपली. धुक्यात शामियान्याचे बांबू काळे दिसत होते, पाहुणे चादरी झटकत उठत होते. पडद्यामागे पुजारी पेटीवर बसून खोबरेल तेलाची बाटली उघडत होता. रंग आधी तेलानं सोडवावा लागतो. थेट पाणी मारलं तर जस्ताची पावडर आणखी चिकटते आणि कातडी ओढते. तेवढ्यात कनातीची कड उचलून एक म्हातारी आत आली, कडेवर तीन-चार वर्षांचा नातू. पोराचे डोळे तापानं लाल. तिनं सरळ त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "महाराज, पोराले अंगारा लावा. तीन दिस झाले, ताप उतरत नाई."

त्यानं पाय मागे घेतले आणि तिला उठवलं. पण बोलला नाही लगेच. कापसाचा बोळा तेलात बुडवून त्यानं आधी कपाळावरचं गंध पुसलं, मग गालावरचा रंग, मग जानवं डोक्यावरून काढून पेटीवर ठेवलं. प्रॉम्प्टर वह्या बांधायचा थांबून बघत होता. सगळं उतरल्यावर तो म्हणाला, "आजी, आता पाह्य माह्याकडं. थे नाटक होतं. मी महाराज नाई. पोराले आत्ता दवाखान्यात ने, आमची गाडी वडशालेच चालली, बसून जा."

म्हातारीनं त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "पर आवाज तं थोच हाये, बापू."

त्याच्याकडे यावर काही उत्तर नव्हतं. त्यानं पोराला तिच्या कडेवरून घेतलं आणि पडद्यांच्या गुंडाळ्या सरकवून गाडीत जागा केली.